पीयूसीत नापास झालेली जुनी गाडी चार हजारांच्या आत पास कशी केली

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून बावीस किलोमीटर गाडी नेली. पंपावरच्या पीयूसी केंद्रातल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि पाच मिनिटांत गाडी नापास. शेजारच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला: "कन्व्हर्टर गेलं ना भाऊ. अठरा-वीस हजाराची फोडणी हाय." कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, विषारी धूर कमी करणारा डबा. त्या वर्षी कापसाचे पैसे अजून हातात आले नव्हते. गाडी २०१२ सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, तीही दुसऱ्या हाताने घेतलेली. अठरा हजार त्यात घालायचे म्हणजे तिच्या किमतीचा मोठा हिस्सा.

शेवटी गाडी पास झाली ती ३,८४० रुपयांत, आणि कन्व्हर्टरला कोणी हातही लावला नाही. मधल्या तीन आठवड्यांत ज्या चुका केल्या आणि जे कळलं, ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. फुकटातली कामं आधी, शंभर-दोनशेची नंतर, हजारांची सगळ्यात शेवटी.

१. आधी नापासाची पावती नीट वाचा

नापास झाल्यावर केंद्राने तुम्हाला छापील नकार-पावती द्यायला हवी. २०२१ पासून देशभर तसा नियम आहे. बरेच जण ती रागाने तिथेच टाकून येतात. टाकू नका, गाडीचा रक्ताचा रिपोर्ट तोच आहे. ती दाखवून मिस्त्रीकडे काम करून घेता येतं, आणि केंद्राच्या यंत्रावर शंका असेल तर दुसऱ्या केंद्रात तपासूनही घेता येतं.

पेट्रोल गाडीच्या पावतीवर दोन आकडे मुख्य असतात. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, न जळलेलं पेट्रोल, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती. शेजारी मर्यादेचा रकाना असतो. ही मर्यादा गाडी कोणत्या बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या सरकारी) मानकाची आहे त्यावर ठरते:

- बीएस-२ आणि बीएस-३ चारचाकी: सीओ ०.५ टक्के, एचसी ७५०
- बीएस-४ आणि पुढच्या: सीओ ०.३ टक्के, एचसी २००. शिवाय इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून आणखी एक चाचणी, त्यात सीओ ०.२ टक्के, आणि लॅम्डा नावाचा, हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा ०.९७ ते १.०३ मध्ये

मोठ्या शहरांत बीएस-४ २०१० सालीच आलं, पण देशभर लागू झालं ते एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे आपल्याकडे रस्त्यावर बीएस-३ गाड्या भरपूर आहेत. आरसीवर तुमच्या गाडीचं मानक काय लिहिलंय ते बघा आणि पावतीवरची मर्यादा त्याच्याशी जुळते का तेही बघा.

माझी गाडी बीएस-३. पावतीवर सीओ २.१० आणि एचसी १,१८०. दोन्ही जास्त.

आता या आकड्यांचा अर्थ. सीओ जास्त म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. एचसी जास्त म्हणजे गेलेलं पेट्रोल न जळताच बाहेर येतं आहे. ठिणगी नीट पडत नाही, व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा ऑइल जळतं आहे. दोन्ही जास्त असले की गॅरेजात पहिला शब्द 'कन्व्हर्टर' हाच येतो. असू शकतं. पण कन्व्हर्टर हा सायलेन्सरच्या वाटेवरचा शेवटचा गडी आहे. पुढच्याने केलेली घाण त्याच्या अंगावर येते, म्हणून दोष आधी पुढे शोधायचा.

२. कागद आणि हत्यारं

कागद फार नाहीत: आरसी, विमा, जुनं पीयूसी, नकार-पावती, आणि चालू मोबाइल नंबर. प्रमाणपत्रासाठी मालकाचा मोबाइल नंबर बंधनकारक आहे आणि मेसेज त्यावरच येतो. गाडी दुसऱ्या हाताची असेल तर आधीच्या मालकाचाच नंबर अजून नोंदीत असण्याची शक्यता मोठी. तो आधी बदलून घ्या.

घरी हत्यारं इतकी पुरतात: प्लग पाना, दहा-बाराचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या), जुना टूथब्रश, सुती फडकं, उजेडासाठी टॉर्च, आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) साफ करायचा स्प्रे.

एक सांगून ठेवतो. इंजिन चालू ठेवून काम करायचं असेल तर गाडी कोठ्यात किंवा बंद गोदामात ठेवू नका. सीओला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. अंगणात काढा.

३. हवेची वाट मोकळी करा

माझ्या तीन आठवड्यांतला पहिला मोठा धक्का इथेच बसला. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं घरटं! सरकी लागलेला कापूस, सोयाबीनचं कुटार, कुरतडलेली पोत्याची सुतळी, सगळं ठासून भरलेलं. गाडी आमच्या कोठ्यात कापसाच्या गंजीशेजारीच उभी असते. दिवाळीनंतर शेतातला माल घरी येतो, मालामागे उंदीर येतात, आणि रात्री कोमट इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी नाही.

हवा कोंडली की हवा-पेट्रोलचं मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, आणि सीओ वाढतो. डबा पूर्ण रिकामा करा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. फिल्टर उन्हाकडे धरून बघा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवा मारत बसू नका, नवा घ्या. मला २२० रुपयांना मिळाला. पांदणीच्या धुळीत चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर फिल्टर बदलावा लागतो, हे आता अनुभवाने सांगतो.

डबा उघडलाच आहे तर हेही बघून घ्या:

वायरी. उंदीर वायरीचं आवरण खातात. प्रत्येक सेन्सरकडे जाणारी वायर बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा. ऑक्सिजन सेन्सरची (तो धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला सांगतो) वायर तुटली असेल तर नवा सेन्सर घेतला तरी काहीच फरक पडत नाही.

हवेच्या बारीक रबरी नळ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या कडक होऊन तडकतात. हाताने दाबा, करकर आवाज आला तर बदला. मीटरवर मिळते, फार पैसे लागत नाहीत.

थ्रॉटल बॉडी. झडपेभोवती काळा थर जमला असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना स्प्रे फडक्यावर मारून पुसा. स्प्रे चटकन पेट घेतो, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको.

४. प्लग काढा, त्यांचा रंग बघा

चारही प्लग काढा आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात राहील असे ओळीने फडक्यावर मांडा. टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर ते सिलिंडर ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळं पण ओलं, तेलकट म्हणजे ऑइल वर चढतं आहे. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा कुठून तरी चोरून आत शिरते आहे.

माझे चारही काजळीने काळे होते. तिसऱ्याची तर फट इतकी वाढलेली की ठिणगी मध्येच चुकत असणार. नवे चार ५२० रुपयांत आले. फट गाडीच्या पुस्तकात दिलेली असेल तेवढीच ठेवा; गाडीगाडीत फरक असतो. घालताना आधी हाताने फिरवा, पाना नंतर लावा. आटे वाकडे गेले की हेड उतरवायची पाळी येते. असं करून बसलेला माणूस माझ्या ओळखीत आहे.

चारांपैकी एकच प्लग तेलकट निघाला तर मात्र थांबा. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासून घ्या. व्हॉल्व्ह सील किंवा रिंग गेली असेल तर वरवरच्या कामाने एचसी उतरणार नाही आणि तुमचे पैसे वाया जातील.

५. ऑइल

हे फारसं कोणी सांगत नाही. इंजिन बरेच दिवस जास्त पेट्रोल पीत असेल तर ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. त्याची वाफ एका नळीतून परत इंजिनात ओढली जाते आणि पावतीवर आकडा वाढवते. ऑइलकांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. मला १,२५० लागले. चाचणीच्या आधी ऑइल बदलणं तसंही शहाणपणाचं. मात्र आधी बिघाड दुरुस्त करा, नाहीतर नवं ऑइलही आठवड्यात तसंच होईल.

६. थर्मोस्टॅट जागेवर आहे का?

फिल्टर आणि प्लग बदलून मी पुन्हा केंद्रात गेलो. एचसी १,१८० वरून ३१० वर आला, म्हणजे तो भाग जिंकला. सीओ मात्र ०.९०. मर्यादा ०.५. पुन्हा नापास. गॅरेजवाला पुन्हा तेच म्हणाला, "मी सांगतलं होतं ना, कन्व्हर्टर."

घरी येताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. बावीस किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा खालच्या रेघेवरून जेमतेम हललेला. हिटर लावला तर कोमट हवा. दुसऱ्या दिवशी पहाटे बॉनेट उघडून बसलो. इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवला. बहुतेक गाड्यांत ही नळी पहिली काही मिनिटं थंड राहायला हवी आणि मग एकदम गरम व्हायला हवी. माझी पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली. म्हणजे पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत होतं. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन पूर्णपणे थंड झाल्यावर त्याचं घर खोललं, तर आत थर्मोस्टॅटच नाही!

मग आठवलं. मेमध्ये यवतमाळच्या चढावर गाडी गरम झाली होती. तेव्हा एका मिस्त्रीने "काढून टाकू भाऊ, आपल्या इकडच्या उन्हात कायले पायजे तो" म्हणून तो काढला, आणि मी हो म्हटलं. विदर्भात हे घरोघरी चालतं. पारा ४५ च्या वर जातो, गाड्या गरम होतात, थर्मोस्टॅट निघतो. उन्हाळ्यात काही जाणवत नाही. हिवाळा आला की इंजिन कधी पुरतं तापतच नाही. इंजिनातल्या कॉम्प्युटरला सेन्सर सांगतो 'इंजिन थंड आहे', आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचं हा त्याचा धर्म. तो आपला दिवसभर ओतत राहतो. सीओ वाढतो, प्लग काळे होतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, ॲव्हरेज पडतं. माझ्या गाडीची वरची निम्मी दुखणी या एका काढून टाकलेल्या तुकड्यातून आली होती.

नवा थर्मोस्टॅट ६५० रुपये, कूलंट ३५०. बसवण्याआधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीने लटकवा आणि गॅस लावा. पाणी उकळायच्या आधी तो उघडायला हवा, आणि गार झाल्यावर मिटायला हवा. किती अंशांना उघडतो ते बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं, साधारण ८२ ते ८८. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणीही नको. आपल्या पाण्यात क्षार फार आहेत. जाळी चोंदते, गाडी गरम होते, आणि मग पुन्हा कोणीतरी थर्मोस्टॅट काढतो.

उन्हाळ्यात गाडी गरम होत असेल तर रेडिएटर साफ करा, पंखा वेळेवर लागतो का बघा, कूलंटची पातळी बघा. थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही.

७. इथेही जमलं नाही तर स्कॅनर लावा

बीएस-४ आणि नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मोबाइलला जोडून कोड वाचता येतात. पी ०३०० ते पी ०३०४ म्हणजे ठिणगी चुकते आहे. पी ०१७२ म्हणजे मिश्रण घट्ट. पी ०१३० ते पी ०१३५ ऑक्सिजन सेन्सर किंवा त्याची वायर. पी ०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही, थर्मोस्टॅट बघा. पी ०४२० कन्व्हर्टर.

कोड आला म्हणून लगेच तो भाग विकत आणू नका. ऑक्सिजन सेन्सरचा कोड तुटलेल्या वायरीनेही येतो आणि सायलेन्सरच्या भोकानेही. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि यंत्राचं गणितच बिघडतं. ते वेल्डिंगच्या दुकानात आधी बुजवून घ्या. माझ्या जुन्या गाडीला असं सॉकेट नव्हतं, म्हणून मला हे सगळं हाताने शोधावं लागलं.

८. कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. न जळलेलं पेट्रोल सतत तिथे पोचलं की ते आतच पेटतं आणि जाळी वितळते. म्हणून मूळ बिघाड ठेवून नवा बसवला तर नवाही मरतो.

खरंच गेलाय का हे ओळखायला इंजिन थंड असताना त्याच्यावर रबरी हातोडीने हळूच ठोका. आत खडखड वाजलं तर जाळी फुटली आहे. पिकअप एकदम मेला असेल तर चोंदला असण्याची शक्यता आहे.

या कामात तीन सापळे आहेत.

पहिला: "कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकू, पिकअप वाढते." जुना कन्व्हर्टर त्यातल्या धातूंपायी भंगारात चांगल्या भावाने जातो, पैसे घेणारा तुम्ही नसता, आणि गाडी पुढे कधीच पास होत नाही. काम कुठलंही असो, काढलेला भाग परत मागून घ्या.

दुसरा: "गाडी आणायची गरज नाही, नंबर सांगा, पीयूसी काढून देतो." घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पैशाची गोष्ट बाजूला ठेवली तरी तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. माझा मुलगा मागच्या सीटवर बसून शाळेत जातो.

तिसरा: तपासणी यंत्राची नळी अर्धवट घालणं. ती सायलेन्सरमध्ये साधारण फूटभर आत गेली पाहिजे. मदत म्हणून कोणी अर्धीच घालायला निघाला तर पूर्ण घालायला सांगा. आकडा खोटा आला तर दुरुस्ती झाली की नाही हे तुम्हालाही कळणार नाही.

९. पेट्रोल कुठलं भरता?

गावातल्या दुकानात बाटलीतून मिळणारं सुटं पेट्रोल चाचणीच्या आधी महिनाभर तरी टाळा. त्यात काय मिसळलंय याची खात्री कोणीच देत नाही. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. एक थेंब टाका. उडून गेल्यावर डाग राहिला नाही तर पेट्रोल चांगलं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या फुगल्या किंवा तडकल्या आहेत का तेही बघा.

घरगुती सिलिंडरवर गाडी चालवत असाल तर ते आजच थांबवा. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे.

१०. पुन्हा चाचणीला जाताना

कन्व्हर्टर काम करायला अडीचशे-तीनशे अंश तरी तापावा लागतो. वीस-पंचवीस मिनिटं सलग, बरी रेस ठेवून गाडी चालवा आणि थेट केंद्रात न्या. तिथे रांग असेल तर गाडी आयडलला ठेवून अर्धा तास उभे राहू नका, कन्व्हर्टर निवतो. रांग संपत आली की परत एक फेरी मारून या. आठवडी बाजाराच्या दिवशी मुळीच जाऊ नका. एसी बंद, दिवे बंद.

थर्मोस्टॅट बसवल्यानंतरच्या तिसऱ्या फेरीत माझी पावती अशी आली: सीओ ०.२१, एचसी १४०. पोराने आधीची पावती शेजारी धरून दोनदा बघितलं.

खर्च सगळा मिळून: फिल्टर २२०, प्लग ५२०, ऑइल आणि त्याचा फिल्टर १,२५०, थर्मोस्टॅट ६५०, कूलंट ३५०, स्प्रे २५०, मजुरी ६००. एकूण ३,८४०, चाचणीची फी वेगळी.

डिझेल गाडी असेल तर

पिकअप किंवा जीपवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे धुराचा गडदपणा मोजतात. मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५, बीएस-४ ला १.६२. चाचणीत इंजिन पूर्ण रेसवर नेतात, म्हणून त्याआधी ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्ट बघून घ्या. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोझल तपासून घेणं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे, तिथे फिल्टर बदलून भागत नाही.

पास झाल्यावर

प्रमाणपत्राची मुदत बघून ठेवा. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षभर मिळते, जुन्यांना सहा महिने. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणालाही चालू पीयूसी लागतं, तेव्हा प्रत्येक पावतीचे आकडे वहीत लिहून ठेवत जा. सीओ हळूहळू चढताना दिसला की नापास व्हायच्या आधीच कामाला लागता येतं.

मी हवेच्या नळीच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी तारेने बांधली आहे, आणि गाडी आता कापसाच्या गंजीपासून लांब, अंगणातल्या निंबाखाली उभी करतो. महिन्यातून एकदा फिल्टरचा डबा उघडून बघतो. या पोळ्याच्या आधी उघडला तेव्हा आत फक्त धूळ होती.